बाबीचं पाणी

आईला वाचता येत नाय, म्हणून मी हे लिहायला धजावले. तिला वाचता येत असतं तर मी वहीला हात लावला नसता. मी पण काय मोठी शिकलेली नाय, सातवी, ती बी मधली दोन वर्षं शाळा बुडवून, तर अक्षर वाकडं येतं आणि कुठं थांबायचं ते कळत नाय, पण माझी लेक आरू झोपलीय तोवर होईल तेवढं लिहिते, उठली की राहिलं. मधनंमधनं उठून तिच्या नाकाशी बोट धरून बघते, श्वास चाललाय ना. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून बघते. आरूचे पप्पा हसतात मला, म्हणतात, अगं झोपलीय ती, झोपू दे. हसू देत. त्यांना नाय कळायचं.

आई सध्या आमच्याकडंच हाय, दहिवलीला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमधे ती बसत नाय, जिना चढून आली की दारातच बसते आणि म्हणते, "आमच्या वेळी घरात शिरायला धाप लागत नव्हती." मग ते सुरूच. कुकरची शिट्टी झाली की आमच्या वेळी भाताला शिट्टी नव्हती, वास होता. आरूला डायपर घातला की आमच्या वेळी पोरं मोकळ्या ढुंगणानं वाढली, काय झालं त्यांना? गॅलरीत पाय पसरून बसते, समोर डोंगर दिसतो तेवढाच तिच्या ओळखीचा, त्याच्याशीच बोलल्यासारखं बोलते. आणि आरूच्या पप्पांना तर लईच गोडी त्याची. मोबाईलवर ते जुन्या दिवसांचे व्हिडिओ येतात ना, चूल, पितळी हंडा, मागं रडकं गाणं, आणि खाली लिहिलेलं की ते दिवस परत येतील का, ते आईला दाखवतात आणि दोघं मिळून उसासे टाकतात. मी एकदा म्हटलं, "तुमी भिवपुरीच्या क्वार्टरात वाढलात, तुमाला गॅस होता, नळ होता, तुमाला कुठली चूल आठवते हो?" तर आई माझ्यावरच उखडली, "जावईबापूंना बोलू नको गं, त्यांना कळतं तरी."

खोटं कशाला बोलू, मला पण आठवतात ते दिवस. रोज आठवतात. इथं दुपारी सगळी दारं बंद असतात, आरू आणि मी दोघीच, पप्पा खालापूरच्या कंपनीत शिफ्टला, आणि पंखा फिरतो तेवढाच आवाज, तेव्हा मला आमचं घर असं डोळ्यांपुढं येतं की रडायला येतं.

आमचं घर कुंभिवलीच्या मागं, हायवेपासून चांगलं आत, डोंगराच्या पायथ्याला. दोन खोल्या आणि पुढं पडवी. पडवीत एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला पाण्याची जागा, तिथं दगडावर मोठा हंडा आणि शेजारी दोन कळश्या. सकाळी मला जाग यायची ती आईच्या भाकरीच्या थापांनी. तांदळाची भाकरी ती हातावर थापायची, चटचट चटचट, आणि बाबा चुलीपुढं बसून सुकट भाजायचे, त्याचा वास गोधडीत शिरायचा. दिवाळी झाली की झोडणी. खळ्यावर भाताच्या पेंढ्या आपटायच्या, धप, धप, धप, आमच्या खळ्यावर थांबलं की शेजारच्या खळ्यावर सुरू, दिवसभर गावात तोच आवाज, जसं काय गावाचं काळीज उडतंय. पोरांच्या अंगाला भाताची कुसळं लागायची, खाजवून खाजवून लाल व्हायचो, आई रात्रीच्या आत खसाखसा आंघोळ घालायची. आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल पेरायचा, आणि शेंगा भरल्या की पोपटी. आता फार्महाऊसवाले मुंबईच्या पाव्हण्यांना पोपटी खाऊ घालतात, बोर्ड लावतात. आमच्या वालाच्याच शेतात असा एक बंगला झालाय, भिंतीवर बैलगाडीचं चाक टांगलंय, आईला दाखवलं तर ती म्हणाली, "एकच? दुसरं कुठं गेलं?" तर आमची पोपटी म्हंजे बाबा जुनं मडकं घ्यायचे, तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, वरनं परत पाला दाबून मडकं उलटं मांडायचं आणि भोवतीनं पेंढा रचून पेटवायचा. झालं का नाय ते बघायला बाबा मडक्यावर पाण्याचा हात झटकायचे. चर्र झालं की आमी पोरं ओरडायचो, झालं, झालं.

हे सगळं आई सांगते. शेंगा कशा होत्या, मीठ किती घालायचं, सगळं. पण आईच्या या सगळ्या गोष्टींत बाबी नसते.

बाबी माझी बहीण. माझ्याहून सात वर्षांनी लहान. ती झाली तेव्हा मी दुसरीत होते आणि आई शेतावर जायची म्हणून माझी शाळा सुटली. मला त्याचं काय वाईट वाटलं नाय. बाबी दिवसभर माझ्या कमरेवर, माझी कंबर एका बाजूला वाकडी झाली असं बाबा म्हणायचे. तिला चार दात आले होते, वर दोन खाली दोन, आणि त्या चार दातांनी ती माझा खांदा चावायची. उभी राहायची ती त्या हंड्याला धरून. हंड्यावर थापट्या मारायची आणि तो बोलला की माझ्याकडं बघून हसायची. डोक्यावर मधोमध तिची टाळू अजून मऊ होती, हात ठेवला की खालनं टकटक लागायची. मला ते फार आवडायचं. मी शेजारणीला सांगायची, आमच्या बाबीच्या डोक्यात घड्याळ हाय.

त्या वर्षी झोडणीच्या ऐन भरात बाबीला हगवण लागली. पहिल्या दिवशी कोणाला काय वाटलं नाय, दात येताना होतंच असं म्हणाले. आईनं मुरुडशेंग उगाळून चाटवली, जायफळ चाटवलं, मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी पाण्यासारखं व्हायला लागलं आणि उलटी पण. तेव्हा आईनं तिचं पाणी बंद केलं. आमच्याकडं तसंच करायचे सगळे. वरनं पाणी जातं तेच खालनं येतं, वरचं बंद केलं की खालचं बंद होतं, असं साधं सरळ. अंगावरचं दूध पण तोडलं. आईला त्याचा किती त्रास झाला ते मला आज कळतंय, माझी आरू दोन तास उशिरा प्यायली तर मला ठणके लागतात. आई खळ्यावर पेंढ्या आपटत होती आणि तिचा ब्लाऊज पुढनं भिजलेला, पदर पुढं घेऊन घेऊन झाकत होती. बाबी तिकडं रडत होती आणि ती इकडं भिजत होती.

खळ्यावर जाताना आईनं हंड्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर पाट्याचा वरवंटा ठेवला. "सुमे, बघ हां. पाणी द्यायचं नाय. थेंब बी नाय. दिलंस तर मरंल ती."

"रडली तर?"

"रडू दे. रडण्यानं कोण मरत नाय."

मग मी आणि बाबी. ती रडत होती पण डोळ्यांतनं पाणी येत नव्हतं, मला वाटलं लबाडी करते. जीभ बाहेर काढायची आणि ओठावरनं फिरवायची, आणि रांगत रांगत हंड्याकडं जायची. उभं राहायची ताकद नव्हती, तर बसल्या बसल्या हंड्याला थापटी मारायची. हळू. मी उचलून लांब नेलं की परत जायची. तिची टाळू आत गेली होती. सकाळी आईनं त्यात खोबरेल तेल ओतलं होतं, टाळू भरायची म्हणजे बरं वाटतं म्हणून, आणि ते तेल पणतीत राहावं तसं तिच्या डोक्यावर राहिलं होतं. ते मी रोज बघते अजून. डोळे मिटले की बघते.

शेवटी माझ्याच्यानं ऐकवेना. मी दोन्ही हातांनी वरवंटा उचलला, झाकण सरकवलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्या तोंडाशी धरलं. दोन घोट. माझा हात तिनं चोखला, बोटांमधलं पण चोखलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं, आणखी दे असं. मी आणखी देणार, तर तिला उलटी झाली. आणि मागनं पण झालं. मी इतकी घाबरले की तिला खाली ठेवलं आणि झाकण लावलं, वरवंटा ठेवला, जमीन पुसली, माझा हात फ्रॉकला पुसला. मग मी दिलं नाय. ती संध्याकाळपर्यंत मागत होती आणि मी पाठ करून बसले. मग तिनं मागायचं सोडलं. मला वाटलं, बरी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टेंपो आणायला हायवेला धावले. टेंपो आला तेव्हा बाबी आईच्या मांडीवर होती आणि आई तिच्या टाळूवर तेल थापत होती, आणि टेंपोवाला चपला काढून पडवीत उभा राहिला. शेजारच्या खळ्यावरची झोडणी थांबली. एवढं शांत आमचं गाव मी परत कधी ऐकलं नाय.

त्या वर्षी पोपटी झाली नाय. वाल तसाच वाळला. मी काय बोलले नाय कोणाला. आई म्हणाली होती दिलंस तर मरंल, मी दिलं, ती मेली. याच्यात विचारायचं काय होतं? मी परत शाळेत गेले, मोठी झाले, लग्न झालं, पण कोणी पाणी मागितलं की मी दुसऱ्याला द्यायला सांगते हे सासूबाईंच्या सुद्धा लक्षात आलं होतं. आई त्या दिवसापासनं बाबीचं नाव काढत नाय. मला वाटायचं, विसरली असंल. बरं झालं विसरली.

आता या आठवड्यातलं लिहिते. आरू दहा महिन्यांची हाय. सोमवारी तिला जुलाब सुरू झाले. पप्पांना दोन दिवस ओव्हरटाईम होता. आईनं बघितलं आणि लगेच म्हणाली, "पाणी बंद कर तिचं." आणि वाचणारे मला काय म्हणतील ते म्हणू देत, मी बंद केलं. माझ्या हातात मोबाईल होता, विचारायला डॉक्टर होता, खाली मेडिकल होतं, पण माझ्या मनात एकच, पाणी दिलं की मरतं. मी अंगावर पण घेतलं नाय तिला. मंगळवारी सकाळपर्यंत ती अशी पडली होती, मान टाकून, आणि जीभ ओठावरनं फिरवत होती. ती जीभ बघितली आणि मला बाबीच दिसली.

आशाताई त्या दिवशी लशीच्या डोसाचं सांगायला आल्या, आमच्या भागातल्या आशा वर्कर, तोंडानं फटकळ पण जीव लावणाऱ्या. पायातली चप्पल काढता काढताच त्यांनी आरूकडं बघितलं आणि सरळ आत आल्या. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. मग डोक्यावर हात ठेवला.

"टाळू बसलीय हिची. पाणी देतेस ना गं?"

मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "जुलाब थांबंस्तोवर नाय द्यायचं. बंदच ठेवलंय."

"अहो मावशी!" आशाताई एवढ्या ओरडल्या की शेजारचं दार उघडलं. "टाळू आत जाते ती अंगातलं पाणी संपलं म्हणून! तेच तोडलंत? पोरीला मारता का काय! ऊठ गं सुमन, उकळून गार केलेलं पाणी आण. एक लिटर. आण पटकन!"

आईच्या हातात तेलाची बाटली होती. झाकण उघडलेलं. ती तशीच उभी राहिली.

आशाताईंनी पिशवीतनं ओआरएसची पुडी काढून पाण्यात मिसळली, आरूला मांडीवर घेतलं, चमच्यानं एक घोट दिला. मग थांबल्या. परत एक. आरूला उलटी झाली. मी किंचाळलेच, "नको, नको ताई, नका देऊ!"

"गप बस. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत द्यायचं. हळूहळू. बंद करायचं नाय. आणि अंगावर पण घे, ते कोणी तोडायला सांगितलं?"

परत द्यायचं. एवढंच होतं ते. उलटी झाली तरी परत द्यायचं. माझ्या कानात ते असं वाजत राहिलं की पुढचं मला नीट आठवत नाय. पप्पांना फोन लावला, ते आले, आमी दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी तपासलं, झिंकचं औषध दिलं आणि म्हणाले वेळेत आणलंत, हेच पाणी पाजत राहा. घरी येऊन मी चमचा चमचा पाजत होते, हात दुखला की आई धरायची. आईचं आमच्या वेळी नाय, काय नाय. दुपारी चारच्या सुमाराला आरू डायपरशिवाय आईच्या मांडीवर होती आणि आई एकदम ओरडली,

"मुतली गं! सुमे, मुतली! माझं लुगडं भिजवलं बघ भवानीनं!"

पप्पा बाथरूममधनं अर्धी दाढी केलेले धावत आले. आई हसत होती आणि ओलं लुगडं सगळ्यांना दाखवत होती, जसं काय कोणी तिला मानाचं नेसवलंय. मग पप्पा परत आत गेले आणि आई हसायची थांबली. आरूच्या टाळूवर तिनं हात ठेवला. खूप वेळ ठेवला.

"भरली बघ," ती म्हणाली. "तेल नाय लावलं तरी भरली."

मी चमचा ढवळत राहिले.

"तू तवा तिला पाजलं होतंस ना?" आई माझ्याकडं न बघता म्हणाली. "बाबीला."

वीस वर्षांनी ते नाव तिच्या तोंडातनं आलं.

"मला म्हाईत हाय. मी वरवंटा आडवा ठेवला होता, आले तर उभा होता. तेवढ्यावरनंच कळलं."

"मग तू मला बोलली का नायस?"

"काय बोलू? आठ वर्साची होतीस. मला वाटलं, तुझ्या पाण्यानं गेली. म्हणलं, हे पोरीला कळलं तर ही जगायची नाय. एक गेली, दुसरी तरी राहू दे. म्हणून मी तिचं नावच काढलं नाय कधी. बाबांना बी काढू दिलं नाय. नाव काढलं असतं तर तुझ्याकडं बघितलं गेलं असतं."

मला रडायला आलं नाय. आपल्या पोरीनं आपली दुसरी पोर मारली असं समजून ही बाई वीस वर्षं माझ्या केसांना तेल लावत होती, मला डबा देत होती, माझ्या लग्नात नाचली होती. आणि मी समजत होते की ती विसरली.

"मग..." आई म्हणाली, "पाण्यानं नाय ना गेली ती? तुझ्या हातनं नाय ना?"

"नाय आई. माझ्या हातनं नाय."

तिनं मोठा श्वास सोडला. तोंड कसं सैल झालं तिचं. आणि मग ते हळूहळू परत आवळत गेलं. ती टीपॉयवरच्या त्या पाण्याच्या भांड्याकडं बघत होती. मला दिसत होतं ती कुठं चाललीय. एकेक पायरी दिसत होती मला. म्हंजे पाण्यानं गेली नाय. म्हंजे पाणी नव्हतं म्हणून. म्हंजे पाणी कोणी—

"त्या पुडीत काय असतं गं?" तिनं विचारलं.

आशाताईंनी मला सांगितलं होतं. पुडी नसली घरात तर साखर आणि मीठ, पाण्यात. चमच्यांचं माप पण सांगितलं होतं.

"औषध असतं," मी म्हटलं. "इंग्लिश औषध. आता नवीन निघालंय. तेव्हा नव्हतं ते. आणि बाबीला वेगळंच होतं आई, ते आतड्याचं होतं, तिला हे पाजलं असतं तरी काय उपयोग नव्हता."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला खरं वाटलं का नाय मला सांगता येत नाय. अजून सांगता येत नाय. मग ती आरूला थोपटत गॅलरीकडं वळली आणि डोंगराला म्हणाली, "हां. आमच्या वेळी कुठं काय होतं."

होतं. सगळं होतं. कोनाड्यात मिठाची बरणी होती, फळीवर साखरेचा डबा होता, चूल पेटलेली होती, हंडा काठापर्यंत भरलेला होता.

दोन दिवस ती जेवली नाय धड. आज सकाळी मी मुद्दाम कुकर न लावता पातेल्यात भात केला आणि तिच्यापुढं बसले आणि म्हटलं, "आई, पोपटी कशी करायची गं? मी विसरले." तिनं भाताचं पातेलं जरा बाजूला सारलं. मग म्हणाली, "विसरली कशी? पाला आधी. तळाला पाला." आणि मग तिचा हात हवेत मडकं उलटं मांडायला लागला, पेंढा रचायला लागला, आमच्या वेळी शेंगा अशा टच्च भरायच्या, तुमच्या मुंबईवाल्यांना काय कळतंय. मी हं हं करत होते. ती सांगत होती आणि मी आरूच्या तोंडाशी वाटी धरली होती, आरूनं वाटीचा काठ दोन्ही हातांनी पकडला होता, आणि ती पीत होती.